आप्रवासी घाटाचं दप्तर

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई इथला आप्रवासी घाट पाहायला गेलेल्या माणसाच्या आधी लक्षात येतो तो त्याचा लहानसा आकार. जागतिक वारशाच्या यादीत या जागेचं क्षेत्रफळ 1,640 चौरस मीटर असं नोंदलेलं आहे. आपल्या हिशेबात सोळा गुंठे. कोकणातल्या एखाद्या घराचं परसू एवढं असतं. काळ्या दगडाच्या काही भिंती, एक दरवाजा, दवाखान्याच्या काही खोल्या, स्वयंपाकघराचा पाया आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या पायऱ्या, एवढाच ऐवज शिल्लक आहे. पण 1834 पासून पुढच्या ऐंशीएक वर्षांत हिंदुस्थानातून साडेचार लाखांवर माणसं मजुरीचा करार करून मॉरिशसला गेली आणि 1849 नंतर आलेल्यांना बेटावरचं पहिलं पाऊल टाकायचं ते इथेच, असा सरकारी नियम होता. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून निघालेली गलबतं इथे रिकामी झाली. त्यांतल्या मुंबईच्या गलबतांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. हा लेख लिहायला घेतला त्याचं मुख्य कारण तेच.

सुरुवात उसापासून करावी लागते. इंग्रजांनी 1810 मध्ये हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. 1825 मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली गेली आणि बेटावर जिकडे-तिकडे ऊस लागला. ऊसतोडीपासून घाण्यापर्यंतची सगळी मेहनत आफ्रिका आणि मादागास्करहून धरून आणलेल्या गुलामांची होती. 1 फेब्रुवारी 1835 पासून मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, वीस लाख पौंडांहून अधिक. गुलाम म्हणून राबलेल्यांच्या हातावर काही पडलं नाही, उलट ‘उमेदवारी’ या नावाखाली आणखी चार वर्षं त्यांना त्याच मालकांकडे काम करायला लावलं. 1839 मध्ये तेही बंधन सुटलं, तेव्हा बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. ज्या शेतात चाबूक खाल्ला तिथे पगारावर तरी कोण परत जाईल?

मळेवाल्यांनी मात्र ही वेळ येण्याआधीच दुसरी सोय पाहून ठेवली होती. 10 सप्टेंबर 1834 रोजी कलकत्त्याला छत्तीस जणांचा एक करार झाला. ही माणसं छोटा नागपूरच्या डोंगरी मुलखातली होती. पाच वर्षांचं काम, महिना पाच रुपये, वर शिधा आणि कपडे. त्यांच्या मुकादमाला दहा रुपये. मजकूर त्यांना वाचून दाखवला आणि निशाण्या घेतल्या. ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जहाजातून ती 2 नोव्हेंबरला पोर्ट लुईला उतरली आणि उत्तरेकडच्या आंत्वानेत मळ्यावर गेली. गुलामांऐवजी ‘मुक्त’ करारी मजूर लावून साखर पिकते का, हे साम्राज्याला पाहायचं होतं. इंग्रजी कागदांत याला ‘महान प्रयोग’ असं नाव आहे. मॉरिशसमध्ये प्रयोग जमला, मग तीच पद्धत गयाना, त्रिनिदाद, जमैका, नाताळ, सुरिनाम, फिजी अशी पसरत गेली. साऱ्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारी मजुरांच्या, इतिहासाचं पहिलं पान पोर्ट लुईला लिहिलं गेलं ते असं.

पहिल्या चार-पाच वर्षांत पंचवीसेक हजार माणसं नेली गेली. ती कशी नेली, वाटेत किती मेली, पोहोचल्यावर काय झालं, याच्या तक्रारी कलकत्त्यात आणि लंडनमध्ये इतक्या वाढल्या की 1839 मध्ये हिंदुस्थान सरकारने ही वाहतूकच बंद केली. ही गुलामगिरीचीच नवी पद्धत ठरेल अशी भीती ब्रिटिश मंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी 1840 मध्ये बोलून दाखवली होती. तरी साखरेचा दबाव मोठा होता. 1842 मध्ये कायदा करून वाट पुन्हा उघडली गेली, फरक इतकाच की आता मधल्या दलालांच्या जागी सरकार स्वतः उभं राहिलं. निघण्याच्या बंदरावर सरकारी अधिकारी, उतरण्याच्या बंदरावर ‘आप्रवाशांचा संरक्षक’ नावाचा अधिकारी आणि त्याच्या हाताखाली कारकुनांची फौज. ते खातं 1849 मध्ये त्रू फाँफारों या खाडीच्या काठी, म्हणजे आजच्या घाटाच्या जागी, आलं आणि पुढच्या दशकात तिथे एकेक इमारत वाढत गेली.

जहाज बंदराबाहेर नांगरलं की आधी डॉक्टर चढायचा. देवी, पटकी, ताप यांतलं काही दिसलं तर जहाज दूर उभं ठेवायचे किंवा सगळ्यांना उत्तरेकडच्या ओसाड बेटांवर नेऊन सोडायचे. जानेवारी 1856 मध्ये ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ या दोन जहाजांतल्या लोकांना गॅब्रिएल नावाच्या एवढ्याशा बेटावर असं उतरवलं. धड निवारा नाही, पाणी नाही. दोनशेहून अधिक माणसं तिथेच दगावली. ती बातमी हिंदुस्थानात पोहोचल्यावर त्याच वर्षी मॉरिशसची वाहतूक काही काळ पुन्हा थांबवावी लागली. ‘संरक्षक’ हे पद त्या वेळीही होतंच.

जहाज निरोगी ठरलं तर माणसं होड्यांतून धक्क्याला यायची आणि पायऱ्या चढून आवारात शिरायची. आत लांबच्या लांब छपऱ्या होत्या, तिथे साधारण दोन दिवस मुक्काम. आंघोळ, शिजवलेलं अन्न, पुन्हा तपासणी. आजारी असेल तो दवाखान्यात. बाकीच्यांना कारकुनासमोर एकेक करून उभं करत. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, परगणा, जिल्हा. शेवटी एक आकडा. त्या आकड्याची मालिका कधी नव्याने सुरू झाली नाही, ती सलग चालत राहिली आणि लाखांच्या घरात गेली. बेटावर पुढचं सगळं आयुष्य माणूस त्या आकड्यावर जगायचा. पगाराच्या वहीत तोच, पोलिसांच्या चौकशीत तोच, दवाखान्यात तोच, तुरुंगात तोच. मळेवाले किंवा त्यांचे मुकादम याच आवारात येऊन माणसं निवडत आणि बैलगाडीतून नाहीतर पायी मळ्यावर घेऊन जात.

1857 च्या उठावानंतरची दोन वर्षं या आवाराने पाहिलेली सर्वांत गर्दीची. 1859 या एकाच वर्षात चाळीस हजारांहून अधिक माणसं आली. 1861 च्या शिरगणतीत बेटाची वस्ती 3 लाख 10 हजार भरली, त्यांत 1 लाख 92 हजार हिंदुस्थानी. पाव शतकात एका देशाची वस्तीच बदलून गेली. जगाच्या इतिहासात असं फार थोड्या ठिकाणी घडलं आहे आणि जिथे घडलं तिथे बहुतेक वेळा येणारे जेते होते. इथे येणारे पाच रुपयांचे मजूर होते.

आज आवारात फिरताना या गर्दीची कल्पना करायला भिंती पुरत नाहीत. छपऱ्यांतल्या बऱ्याचशा गेल्या. द्वारपालाची खोली आहे, मुकादमाची खोली आहे, दवाखान्याची दगडी चौकट आहे, शौचकूप आणि न्हाणीची जागा दाखवतात. मला या साध्या सोयींचे अवशेषच जास्त बोलके वाटतात. दीड-दोन महिने गलबताच्या पोटात काढून आलेल्या बाईला जमिनीवर पहिल्यांदा गोडं पाणी अंगावर घेता आलं ते इथे. त्या पाण्याचा हिशेबही बहुधा कुणीतरी ठेवलाच असेल.

भिंतींचा दगड बेटावरचाच, काळा बसाल्ट. महाराष्ट्रातून येणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो आणि त्याला कारण आहे. हिंद महासागराच्या तळाशी रेयुनियनजवळ जो ज्वालामुखीचा तप्तबिंदू आहे, त्याच्यावरून भारताचा भूखंड सरकत जात असताना दख्खनचा पठारी दगड तयार झाला असं भूशास्त्रज्ञ मानतात. पुढे काही कोटी वर्षांनी त्याच तप्तबिंदूतून मॉरिशस वर आलं. सह्याद्रीच्या पायथ्याचा माणूस महिनाभर समुद्र ओलांडून आला आणि त्याला पुन्हा काळा कातळच फोडायला मिळाला. उसाच्या शेतांतून वेचून काढलेल्या दगडांचे पिरॅमिडसारखे ढीग बेटावर आजही जागोजाग दिसतात. ते या मजुरांच्या आणि त्यांच्या आधीच्या गुलामांच्या हातांनी रचलेले आहेत.

मुंबईचा माणूस मात्र या बेटावर करारी मजुरांच्याही आधी पोहोचला होता, तो बेड्या घालून. 1815 पासून पुढची वीसेक वर्षं बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला पाठवले जात. एकूण दीड हजाराच्या आसपास. रस्ते बांधणं, पूल बांधणं, दगड फोडणं ही त्यांची कामं. 1836 च्या एप्रिल-मेमध्ये ‘बीगल’ जहाज पोर्ट लुईला थांबलं तेव्हा चार्ल्स डार्विनने हे कैदी पाहिले आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांबद्दल, स्वच्छतेबद्दल आणि धर्माचरणाबद्दल कौतुकाने लिहून ठेवलं. त्यांच्यात कोण कुठल्या गावचा होता, कशासाठी काळं पाणी भोगत होता, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते आपल्याला तरी ठाऊक असायला हवं होतं.

करारी मजुरांत मुंबईहून निघालेल्यांचा वाटा मोठा नव्हता, दहातला एकही नाही. बहुसंख्य लोक बिहार आणि संयुक्त प्रांताच्या पूर्व भागातले, त्यांच्यामागे तमिळ आणि तेलुगू. पण मुंबईच्या वाटेने गेलेले काही हजार लोक मुख्यतः रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या बाजूंचे होते आणि मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज म्हणून ओळखला जातो तो त्यांचाच. ते का गेले याचं उत्तर कोकणच्या माणसाला वेगळं सांगायला नको. खोताचा वाटा, कातळावरची वरकस शेती, पावसाचे चार महिने झाले की हाताला काम नाही. मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली ती 1854 मध्ये आणि गिरण्यांचा खरा जोर त्यानंतरचा. त्याआधी रत्नागिरीच्या माणसापुढे वाटा तीनच. पलटणीत भरती, मुंबईत हमाली, नाहीतर जहाज. 1860 च्या दशकात मुंबईहून मॉरिशसला मजूर जाणं बंद पडलं. तोवर मुंबईतच हातांची गरज वाढत चालली होती आणि कोकणचा चाकरमानी परळ-लालबागकडे वळला. माझं मत असं की गिरणगाव आणि मॉरिशस ही एकाच ओढगस्तीला मिळालेली दोन उत्तरं आहेत. गिरणगावावर आपण भरपूर लिहिलं, कविता केल्या, नाटकं केली. मॉरिशसचं उत्तर आपल्या हातून निसटलं, कारण ते लोक परत आले नाहीत आणि मनिऑर्डरीही आल्या नाहीत.

परतणारे एकूणात होते, नव्हते असं नाही. साधारण एक तृतीयांश लोक कधी ना कधी मायदेशी गेले. 1850 च्या दशकात परतीचं भाडं देण्याची जबाबदारी मात्र सरकारने मळेवाल्यांच्या अंगावरून काढून घेतली आणि मग पाच रुपयांत खाऊन-पिऊन परतीचे पैसे जमवणं ज्याचं त्याच्यावर आलं. त्यात ‘दुहेरी कपात’ होती. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारपण धरूनच वर्षाचा हिशेब लावला तर काही जण कागदावर मालकाचेच देणेकरी निघत.

आणि घाटावरच्या नोंदींचं हे दप्तर दर वर्षी जाड होत गेलं. 1866-67 मध्ये बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली, हजारो माणसं मेली, पोर्ट लुईतले श्रीमंत लोक उंचावरच्या थंड गावांकडे निघून गेले. साथीला मजुरांची भटकंती कारण आहे असा समज पसरला किंवा पसरवला गेला. 1867 चा कायदा त्याच वातावरणात झाला. करार पुरा केलेल्या प्रत्येक ‘जुन्या आप्रवाशा’ने आपलं छायाचित्र काढून घ्यायचं, ते चिकटवलेला परवाना सतत जवळ ठेवायचा आणि त्याचे पैसे स्वतः भरायचे. दुसऱ्या जिल्ह्यात कामाला जायचं तर पोलिसांचा वेगळा पास. परवाना हरवला, घरी राहिला, पावसात भिजला, तर भटक्या म्हणून अटक. मुक्त झालेला माणूस चालता-चालता पकडला जायचा. बागाईत करणारे, फेरीवाले, गवत विकणारे, कुणी सुटलं नाही.

छायाचित्राने माणूस ओळखून त्याच्यावर पाळत ठेवण्याची सरकारी पद्धत इतक्या मोठ्या प्रमाणावर त्या काळात जगात फार थोड्या ठिकाणी वापरली गेली होती. ती फोटोंची भेंडोळी टिकली आहेत. आज घाटाशेजारच्या माहिती केंद्रात त्यांतले काही चेहरे मोठे करून लावलेले दिसतात. कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याची कुणाची ती पहिलीच वेळ असावी. काहींच्या नजरेत धास्ती आहे, काहींच्या नजरेत चक्क राग. बायकांनी नाकातली नथ, गळ्यातली सरी, दंडातल्या वाक्या अंगावर ठेवून फोटो दिले आहेत. ज्या कागदाने त्यांना जेरबंद करायचं होतं त्यावर त्या स्वतःच्या थाटाने उभ्या राहिल्या. तिथून पुढे सरकायला माणसाला वेळ लागतो.

या अन्यायाविरुद्ध आवाज उठवणारा पहिला मोठा माणूस मळेवालाच निघाला. आदोल्फ द प्लेवित्झ, जर्मन वंशाचा, नूव्हेल देकुव्हेर्त इथल्या मळ्याची व्यवस्था पाहणारा. 1871 मध्ये त्याने जुन्या आप्रवाशांचा एक अर्ज तयार करून गव्हर्नर आर्थर गॉर्डनकडे दिला. त्यावर 9,401 सह्या आणि निशाण्या होत्या. राजरत्नम मुदलियार या तरुणाने त्याला भाषांतरात साथ दिली. विचार करा, पास नसेल तर रस्त्यात अटक होण्याचे ते दिवस, आणि त्या दिवसांत साडेनऊ हजारांच्या आसपास लोकांनी गावोगाव आपलं नाव कागदावर दिलं. मळेवाल्यांचा संताप असा की प्लेवित्झला पोर्ट लुईच्या भर रस्त्यात मारहाण झाली आणि त्याला बेटाबाहेर काढा अशी मागणी करणारा उलटा अर्जही निघाला. पण लंडनला दखल घ्यावी लागली. फ्रिअर आणि विल्यमसन या दोघांचं शाही कमिशन 1872 मध्ये आलं, 1875 मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि 1878 मध्ये मजूर कायदा बदलला. दुहेरी कपात मात्र लगेच गेली नाही. तिला हटवायला पुढचं शतक उजाडावं लागलं.

पुढचा भाग मॉरिशसच्या शाळेत मुलांना तोंडपाठ असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी कडेकडेच्या जमिनी तुकड्यांनी विकायला काढल्या आणि ज्यांनी पै-पै साठवली होती त्या मजुरांनी त्या घेतल्या. गावं वसली, गावागावांत ‘बैठका’ सुरू झाल्या, संध्याकाळी तिथे मुलं आपापल्या भाषेची अक्षरं गिरवू लागली. 1901 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस इथे थांबले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असं त्यांचं सांगणं होतं. त्यांच्याच सांगण्यावरून बडोद्यात जन्मलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर 1907 मध्ये आले, मजुरांचे खटले लढले आणि 1909 मध्ये ‘हिंदुस्थानी’ पत्र काढलं. 1910 नंतर नवे करारी मजूर येणं थांबलं. 1896 मध्ये बिहारहून मजुरीला आलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलाचा मुलगा, शिवसागर रामगुलाम, 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र मॉरिशसचा पहिला पंतप्रधान झाला. तारीख दांडीयात्रेची निवडली होती.

घाटाचे मात्र हाल झाले. काम संपलेल्या इमारतींकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि राजधानीला मोठा रस्ता हवा होता. तो या आवारातूनच गेला. आज आपण सोळा गुंठे पाहतो कारण उरलेलं डांबराखाली किंवा ढिगाऱ्यात गेलं. जे वाचलं त्याचं श्रेय ‘मॉरिशस टाइम्स’ काढणारे पत्रकार बिक्रमसिंग रामलाला यांच्यासारख्या थोड्या लोकांना आहे. ‘कुली घाट’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या जागेवर ते लोकांना घेऊन यायचे, फुलं वाहायचे, भाषणं करायचे. आपले आजे-पणजे कुली होते हे उघड बोलायची त्या पिढीत अनेकांना लाज वाटे. ती लाज मोडायला वर्षं गेली. 1970 मध्ये इंदिरा गांधी इथे येऊन गेल्या. 1987 मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषणा झाली, 2006 मध्ये जागतिक वारशात नाव लागलं आणि 2014 मध्ये शेजारी रामलालांच्या नावाचं माहिती केंद्र उघडलं. 2 नोव्हेंबर हा दिवस आता देशभर सुटीचा असतो.

घाट पाहून झाला की तसंच माघारी फिरू नये. काही पावलांवर फ्रेंच अमदानीतलं लष्करी रुग्णालय आहे, गव्हर्नर लाबुर्दोने याने अठराव्या शतकात बांधवलेलं. तिथे 2023 मध्ये गुलामगिरीचं संग्रहालय सुरू झालं. एकाच बंदराच्या कडेला ही दोन्ही घरं लागून आहेत हे फार बरं झालं. आधी आलेल्यांना बेड्या होत्या, नंतर आलेल्यांना करार होता, दोघांनाही उसाच्या त्याच सऱ्या होत्या. मॉरिशसमध्ये या दोन समाजांच्या वारशात कधी-कधी चढाओढ होते. दोन्ही इमारती एका दुपारी पाहिल्या की ती चढाओढ पटेनाशी होते.

मराठी समाज तिथे संख्येने लहान, पण आपलं राखून राहिलेला. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुटी असते. शाळेत मराठी शिकता येतं. ‘झाकरी’ म्हणून एक नाच तिथले मराठी लोक करतात. ढोलकीच्या तालावर गोल फेर धरतात. रत्नागिरीच्या माणसाने तो पाहिला तर तो क्षणभरात म्हणेल, ही तर आमची जाखडी. पहिल्या पिढीचा तोडलेला धागा पायांनी लक्षात ठेवला. जिभेवर क्रेओल आली, भोजपुरी आली, फ्रेंच आली, घरातली मराठी पातळ झाली, पण फेर तसाच राहिला. आडनावं मात्र बदलली. दप्तरात आडनावाचा रकाना नव्हता, बापाचं नाव होतं. म्हणून तिथे आज सावंत, कदम, जाधव शोधून सापडत नाहीत. पणजोबाचं नाव बापू असेल तर साऱ्या घराण्याचं आडनाव बापू.

पणजोबाचं गाव शोधायचं असेल तर मग जायचं कुठे? पुन्हा त्याच दप्तराकडे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्रू फाँफारोंचं हे सारं दप्तर जपून ठेवलेलं आहे, जहाजांच्या याद्या, नोंदवह्या, छायाचित्रं. कुटुंबातली माणसं पूर्वजाचा नंबर किंवा नाव घेऊन तिथे येतात आणि नोंद सापडली तर तिचा उतारा मिळतो. बिहारी घराण्यांतल्या अनेकांनी असे उतारे घेऊन गाव गाठलं, भाऊबंद सापडले, गळ्यात गळे पडले. मराठी घराण्यांच्या वाट्याला हे कमी येतं आणि त्याचं एक कारण आपल्या बाजूला आहे. फ्रेंच वळणाच्या इंग्रजी कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं वाडीचं नाव, त्यापुढे एखाद्या तर्फेचं किंवा महालाचं नाव जे आज कुठल्याच नकाशात नाही. ते ओळखायला कोकणातल्या जुन्या महसुली रचनेची जाण असलेला माणूस लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असे लोक आहेत. शिक्षक आहेत, निवृत्त तलाठी आहेत, घराण्यांच्या कुळकथा जमवणारे आहेत. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात इलाख्याची कागदपत्रं आहेत, त्यांत निघणाऱ्या जहाजांची बाजूही मिळू शकते. दोन्ही टोकं एकत्र ठेवून वाचण्याचं काम महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. 2023 च्या एप्रिलमध्ये मॉरिशसच्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला, ते चांगलंच झालं. त्याच उत्साहाने एक गावनिहाय यादीही व्हायला हवी.

तिची गरज आता भावनेपुरती राहिलेली नाही. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळू शकेल अशी घोषणा त्यांनी केली. सातवी पिढी म्हणजे आज शाळेत असलेली मुलं. अर्ज करताना त्यांना पूर्वज दाखवावा लागेल, आणि तो दाखवणारा कागद बहुतेकांकडे एकच आहे. नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, परगणा, जिल्हा आणि नंबर.